नकाशातलं शहर – भाग ६ : कॉटन ग्रीनची लाल रेघ

मोबाइलवरच्या नकाशात मुंबईतलं कॉटन ग्रीन उघडावं. उजव्या हाताला गोदामांची लांबच लांब छपरं, मधून हार्बर रेल्वेचे रूळ, डावीकडे काळाचौकी आणि अभ्युदय नगर. संध्याकाळ झाली की नकाशात इथले रस्ते लाल होऊ लागतात, म्हणजे वाहतूक मंदावते.

ही लाली येते कुठून, तर रस्त्यावरच्याच फोनांमधून. फोन कुठे आहे आणि किती वेगाने सरकतोय याच्या नोंदी जमतात, त्यांतून रस्त्याचा वेग काढला जातो. २०२० साली बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट या कलावंताने ९९ फोन एका हातगाडीत भरले आणि मोकळ्या रस्त्यावरून ती ओढत नेली. नकाशाने तो रस्ता लालभडक दाखवला! फोन हळू चाललेत एवढंच त्याला कळलं. का, ते कळलं नाही.

कॉटन ग्रीनमध्ये हा ‘का’ जास्तच गुंतागुंतीचा आहे. गोदामापुढे माल उतरवायला ट्रक रांगेत थांबतो, रस्त्याची एक बाजू अडते आणि मागची बस खोळंबते. त्यात डोक्यावरून पूर्व मुक्त मार्ग जातो. जीपीएसची जागा काही मीटर इकडेतिकडे होतेच. त्यामुळे वर सुसाट धावणारी मोटार आणि खाली अडकलेला ट्रक यांचे ठिपके एकमेकांत मिसळू शकतात. अशा वेळी नुसत्या ठिपक्यावर विसंबून चालत नाही. गाडी कुठून चढली, आधीच्या मिनिटाला कुठे होती, हे ताडून मगच तिला वरच्या किंवा खालच्या रस्त्यावर बसवावं लागतं.

या ‘का’चं खरं उत्तर मात्र वेगाच्या नकाशाखाली दुसरा नकाशा ठेवल्यावर मिळतं, रुळांचा आणि पुलांचा. पश्चिम, मध्य आणि हार्बर या तिन्ही लाइन उत्तर-दक्षिण धावतात आणि मध्य मुंबईचे उभे काप करतात. पूर्व-पश्चिम जायचं तर वाहनाला बहुधा पूल गाठावा लागतो, आणि पूल मोजकेच. शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी सप्टेंबर २०२५मध्ये प्रभादेवीचा जुना एल्फिन्स्टन पूल बंद झाला, तेव्हा त्याच्यावरची वाहनं दादरचा टिळक पूल, करी रोड आणि चिंचपोकळीकडे वळवावी लागली.

असा भार कुठे वाढेल, याचा अंदाज आधी बांधता येतो. चौक म्हणजे बिंदू, रस्ते म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेघा. प्रत्येक बिंदूपासून प्रत्येक बिंदूपर्यंतची जवळची वाट काढायची आणि एकेका पुलावरून किती वाटा जातात ते मोजायचं. मग एक पूल पुसून पुन्हा मोजायचं. स्वयंसेवकांनी रेखलेला ओपनस्ट्रीटमॅप वापरून कॉलेजातल्या मुलांनाही हा हिशेब घरच्या लॅपटॉपवर करता येईल. पूल बंद करण्यापूर्वी असा हिशेब लोकांपुढे मांडला गेला पाहिजे. तो रहिवाशांचा हक्क आहे.

आता पुन्हा कॉटन ग्रीनकडे. हे नावच स्थलांतर होऊन इथे आलं. कापसाचा बाजार आधी फोर्टात, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या मैदानावर भरायचा. १८४४मध्ये तो कुलाब्याला गेला आणि १९२०च्या दशकात इथे, पोर्ट ट्रस्टने भराव घातलेल्या जमिनीवर आला. इथली आखणी झाली ती कापसाच्या गाठी, गोदामं आणि १९१५मध्ये सुरू झालेली पोर्ट ट्रस्ट रेल्वे यांच्या सोयीने. पण त्याच गोदामांपुढे आज ट्रक नेमका कुठे आणि किती वाजता उभा राहतो याची नोंद वेगाच्या नकाशात नसते. ती दारोदार फिरून, गोदामागणिक करावी लागते.

पुढच्या भागात : सिग्नलची वेळ कोण ठरवतं?