न्यूक्लिअर मेडिसिन: भीती कशाची, काळजी कशाची

न्यूक्लिअर मेडिसिन विभागात रुग्णाच्या शिरेत किरणोत्सारी औषध अगदी थोड्या प्रमाणात टोचतात. ते औषध हाडात, हृदयात, मूत्रपिंडात किंवा थायरॉइडमध्ये जाऊन बसते आणि तिथून निघणाऱ्या गॅमा किरणांवरून त्या अवयवाचे चित्र तयार होते. एक्स-रेमध्ये किरण यंत्रातून निघतात, इथे ते रुग्णाच्या शरीरातून निघतात. गॅमा कॅमेरा स्वतः काहीच सोडत नाही, तो फक्त टिपतो. (पेट-सीटीसारख्या यंत्रांतला सीटीचा भाग तेवढा याला अपवाद.) हा मूळ फरक ठाऊक नसल्यामुळे लोक बिचकतात ते अवाढव्य यंत्राला. काळजी मात्र घ्यावी लागते ती सिरिंज भरणाऱ्या बोटांची, सांडलेल्या थेंबाची आणि रुग्णाच्या स्वच्छतागृहाची.

‘हे द्रव्य हजारो वर्षे किरणोत्सारी राहते’

अणुभट्टीच्या कचऱ्याबद्दल ऐकलेली गोष्ट इथे सरसकट लावली जाते. जगभरात सर्वाधिक वापरले जाणारे टेक्नेशियम-९९एम हे समस्थानिक दर सहा तासांनी निम्मे होते. सकाळी नऊ वाजता ७४० मेगाबेकरेल, म्हणजे विभागातल्या रोजच्या भाषेत वीस मिलिक्युरी, मोजले असेल तर दुपारी तीनला ३७० उरते, रात्री नऊला १८५ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला जेमतेम ४६. पेट स्कॅनमधल्या फ्लोरिन-१८चे अर्धायुष्य तर सुमारे ११० मिनिटांचेच असते.

इतके अल्पायुषी द्रव्य साठवून ठेवता येत नाही, ते रोज ताजे काढावे लागते. हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधे तयार करण्याच्या खोलीत, शिशाच्या जाड कवचात जनरेटर असतो. त्याच्या आतल्या अॅल्युमिनाच्या स्तंभावर ६६ तास अर्धायुष्याचे मॉलिब्डेनम-९९ धरून ठेवलेले असते आणि त्यापासून टेक्नेशियम सतत तयार होत राहते. टेक्निशियन एका बाजूला सलाइनची बाटली लावतो, दुसऱ्या बाजूला शिशाच्या डब्यात ठेवलेली निर्वात कुपी. सलाइन स्तंभातून खेचले जाते आणि येताना टेक्नेशियम घेऊन येते, मॉलिब्डेनम मागेच राहते. राहायला हवे, असे म्हणणे जास्त बरोबर. म्हणून तपासणी होते. इंजेक्शनच्या वेळी टेक्नेशियमच्या प्रत्येक मेगाबेकरेलमागे मॉलिब्डेनम ०.१५ किलोबेकरेलपेक्षा जास्त चालत नाही. ते जास्त आले, तर रुग्णाच्या शरीराला चित्रासाठी काडीचाही उपयोग नसलेला मात्रेचा भार सोसावा लागतो. सकाळच्या घाईत ही तपासणी टाळण्याचा मोह होऊ शकतो, आणि नेमकी तीच टाळता कामा नये.

‘शिशाचा एप्रन घातला की झाले’

एप्रनवरचा हा विश्वास एक्स-रे विभागातून आलेला आहे. तिथे तो योग्यही आहे, कारण एक्स-रे खोलीत विखुरणाऱ्या किरणांची ऊर्जा कमी असते. टेक्नेशियमच्या गॅमा किरणांची ऊर्जा १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. त्यातले निम्म्याहून जास्त किरण अर्धा मिलिमीटर शिसे अडवते. पेट स्कॅनमध्ये ती ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. तिथे किरण निम्मे करायलाच सुमारे चार ते पाच मिलिमीटर शिसे लागते, आणि अर्ध्या मिलिमीटरचा एप्रन दहा टक्केसुद्धा अडवत नाही. उलट जड एप्रनमुळे हालचाल मंदावते आणि रुग्णाजवळ जास्त वेळ जातो.

पेट विभागात खरा आधार असतो तो जाड शिशाच्या आडोशाचा, सिरिंजवर चढवलेल्या टंगस्टनच्या कवचाचा, अंतराचा आणि चटपटीत हाताचा. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते. उघडी कुपी बोटांनी धरणे आणि लांब चिमट्याने धरणे यांत पडणारा फरक ढोबळमानाने शेकडो पटींचा असतो. या विभागात सर्वाधिक मात्रा बहुतेक वेळा बोटांच्या टोकांना मिळते, म्हणून छातीवरच्या बॅजबरोबर बोटात मात्रा मोजणारी अंगठीही घालतात. नवा कर्मचारी कामाची तालीम आधी साध्या सलाइनवर करतो. हात बसला की तेच काम निम्म्या वेळात होते, आणि मात्राही निम्मीच मिळते.

‘जवळ गेले की किरणोत्सर्ग अंगाला लागतो’

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. दिव्याचा उजेड अंगावर पडणे आणि गुलाल अंगाला लागणे यांत जो फरक आहे, तोच किरण पडणे आणि किरणोत्सारी द्रव्य लागणे यांत आहे. बाजूला झाले की उजेड संपतो. गुलाल मात्र घरापर्यंत येतो आणि दुसऱ्यालाही लागतो. स्कॅन झालेल्या रुग्णाशेजारी बसलेल्या माणसावर थोडे किरण पडतात, पण तो स्वतः किरणोत्सारी होत नाही. द्रव्याचा थेंब हातावर सांडला, तर मात्र प्रश्न दुसरा असतो.

थेंब सांडला की पहिली चूक होते ती तो घाईने पुसण्याची, कारण त्याने डाग पसरतो. आधी जवळच्यांना सावध करून त्या जागेवर शोषक कागद टाकायचा आणि ये-जा थांबवायची. मग हातमोजे घालून कडेकडून मध्याकडे पुसायचे. कागद, मोजे, बुटांवरची आवरणे सगळे एका पिशवीत जाते. नंतर किरण मोजणारा काउंटर फिरवून जागा तपासायची, बुटांचे तळवेही. एवढे करून काही राहिलेच, तर ती जागा झाकून, खूण करून ठेवतात. टेक्नेशियम असेल तर बाकीचे काम घड्याळ करते. त्वचेवर लागले असेल, तर कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. ब्रशने खरवडू नये, कारण खरचटलेल्या त्वचेतून द्रव्य आत शिरते. हॉट लॅबमध्ये चहा-बिस्किटांना, लिपस्टिकला आणि मोबाइलला मज्जाव असतो, तोही यासाठीच: बोटांवरून तोंडात जाण्याची वाट तिथेच बंद करायची.

‘स्कॅननंतर घरच्यांपासून कित्येक दिवस दूर राहावे लागते’

हा समज थायरॉइडच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या आयोडीन-१३१च्या मोठ्या मात्रेवरून पसरला आहे. त्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे असते, म्हणून अशा रुग्णाला स्वतंत्र खोलीत ठेवतात आणि त्याचे मलमूत्र विलंब टाक्यांत साठवतात. बोन स्कॅन किंवा पेट स्कॅनच्या रुग्णाला हे लागू नाही. त्याने भरपूर पाणी प्यावे, वारंवार लघवीला जावे, पुरुषांनीही बसूनच लघवी करावी म्हणजे थेंब उडत नाहीत, दोनदा फ्लश करावे आणि हात धुवावेत. तान्ही मुले आणि गर्भवती यांना त्या दिवशी काही तास मांडीवर किंवा अगदी खेटून बसवू नये, एवढेच.

गर्भधारणेची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ते इंजेक्शनच्या आधी सांगितलेच पाहिजे. टेक्नेशियमच्या बहुतेक औषधांनंतर स्तनपान फार तर काही तास थांबवावे लागते. आयोडीन-१३१ दिल्यास त्या बाळाचे स्तनपान कायमचे बंद करावे लागते. संकोचाने ही गोष्ट मनात ठेवू नये आणि विभागानेही ती विचारल्याशिवाय सुई टोचू नये.

‘टीएलडी बॅज संरक्षण देतो’

देत नाही. तो फक्त मिळालेली मात्रा नोंदवतो. आतला स्फटिक तापवला की निघणाऱ्या प्रकाशावरून ती कळते. बॅज हॉट लॅबच्या खुंटीला टांगून ठेवला, तर तो खुंटीची मात्रा सांगेल, माणसाची नाही. भारतात कर्मचाऱ्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट आहे; सर्वसामान्य माणसासाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे.

‘हा कचरा टाकताच येत नाही, कायमचा पुरून ठेवावा लागतो’

अल्पायुषी कचरा मुरत ठेवतात. समस्थानिकानुसार वेगळ्या पिशव्या, त्यांवर तारीख आणि शिशाचे अस्तर लावलेली पेटी. दहा अर्धायुष्यांत क्रियाशीलता हजाराव्या हिश्श्याखाली जाते. टेक्नेशियमला त्यासाठी अडीच दिवस लागतात. मग काउंटरने मोजून, वाचन नैसर्गिक पातळीएवढे आले तरच, पिशवी इतर जैववैद्यकीय कचऱ्याबरोबर बाहेर जाते. त्याआधी पिवळ्या पट्टीवरचे तीन पाकळ्यांचे चिन्ह काढून टाकतात. ते राहिले तर पुढे कचरा उचलणारा माणूस विनाकारण घाबरतो, किंवा चिन्हाला सरावून खऱ्या धोक्याकडेही काणाडोळा करू लागतो.

‘मायापुरीसारखे इथेही होईल’

एप्रिल २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० फुटून बाहेर आले आणि एकाचा मृत्यू झाला. ते एका विद्यापीठाने लिलावात काढलेल्या प्रयोगशाळेच्या यंत्रातले होते. सप्टेंबर १९८७मध्ये ब्राझीलच्या गोइयानिया शहरात सोडून दिलेल्या रेडिओथेरपी यंत्रातल्या सिझियम-१३७ने चौघांचा बळी घेतला. त्या स्रोताची क्रियाशीलता एका बोन स्कॅनच्या इंजेक्शनच्या सुमारे सत्तर हजार पट होती, आणि सिझियमचे अर्धायुष्य ३० वर्षांचे आहे. इमेजिंगच्या इंजेक्शनातून तसा अपघात संभवत नाही.

तरीही या घटनांकडे विभागाने पाठ फिरवू नये. औषधाची क्रियाशीलता मोजणारा डोस कॅलिब्रेटर आणि कॅमेरा रोज तपासण्यासाठी सिझियम-१३७, कोबाल्ट-५७ असे छोटे बंदिस्त स्रोत कपाटात असतातच. त्यांची क्रियाशीलता कमी असली, तरी सिझियम माणसांच्या नोकरीपेक्षा जास्त टिकते. हरवतात ते विभागाचे स्थलांतर होताना किंवा जुने यंत्र भंगारात काढताना. म्हणून प्रत्येक स्रोताची नोंदवहीत नोंद, कुलूप, ठरावीक काळाने गळती-तपासणी आणि वापर संपल्यावर पुरवठादाराकडे किंवा मान्यताप्राप्त केंद्राकडे रीतसर परत पाठवणी, हा क्रम अणुऊर्जा नियामक मंडळाच्या देखरेखीखाली पाळायचा असतो. १९८३ साली स्थापन झालेल्या या मंडळाच्या परवान्याशिवाय आणि मंडळाने मान्य केलेल्या रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरशिवाय असा विभाग चालवता येत नाही, आणि तो बंद झाला तरी शेवटचा स्रोत परत पोहोचल्याची पावती हाती येईपर्यंत जबाबदारी परवानाधारकाचीच राहते.