नवे आरा यंत्र आणि जुने सामान



आपल्या सुतारकामाच्या खोलीतले छोटे टेबल-आरा यंत्र या सत्रात बदलले. जुने यंत्र एका माजी विद्यार्थ्याने अमेरिकेहून आणून दिले होते. त्याचे बेअरिंग झिजले आणि पाते डगमगू लागले. सभेत रास्त प्रश्न निघाला की पाती, स्टँड, सरकपाट सारे शाबूत आहे, मग फक्त यंत्रच घ्यायचे ना? मीही मान डोलावली. पण मिस्त्रीकाका म्हणाले, "सर, आधी सामान मोजू, मग मशीन पाहू."

मोजल्यावर डोळे उघडले. दोन्हीकडचे पाते १० इंचीच, पण अमेरिकन पात्याचे भोक ५/८ इंच, म्हणजे १५.९ मिमी. आम्ही निवडलेल्या यंत्राचा दांडा ३० मिमी. मोठ्या भोकाचे पाते बारीक दांड्यावर रिंग घालून बसते, उलटे होत नाही. लेथवर भोक वाढवून घ्या, असेही कुणी सुचवले. भोक केसभर जरी मध्यापासून सरकले, तरी मिनिटाला साडेतीन हजारांहून जास्त फेरे घेणारे पाते थरथरते. म्हणून ती चारही पाती बाद.

पाचवे पाते इथल्याच बाजारातले, ३० मिमी भोकाचे. ते लगेच बसले आणि खरा पेच तिथेच पडला. नव्या यंत्रात पात्यामागे पोलादाची एक उभी पट्टी असते. इंग्रजीत तिला रिव्हिंग नाइफ म्हणतात. मी हिंदी माध्यमात शिकलेला माणूस, मला मराठी शब्द सापडला नाही. मिस्त्रीकाका तिला 'पाठची सुरी' म्हणतात, तेच बरे. फळी कापताना लाकडातला ताण सुटतो आणि चीर मागून मिटू लागते. मग पात्याचे मागचे, वर येणारे दात लाकडाला धरतात आणि फळी कापणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात. ही सुरी चीर उघडी ठेवते. त्यासाठी ती पात्याच्या पत्र्याहून जाड आणि दातांनी पाडलेल्या चिरेहून बारीक हवी. आमची सुरी २.३ मिमीची, तर त्या पात्याची चीर २.२ मिमीची. फळी सुरीवर अडकणारच.

सुरी काढून ठेवली असती, तर पाते वाचले असते. जुन्या यंत्रात कधीतरी तेच झाले होते. त्याची मागची पट्टी आणि गार्ड वर्षानुवर्षे कपाटात पडून होते आणि मुख्याध्यापक म्हणून मी कधी विचारले नाही. आता पाते कपाटात गेले आणि सुरी यंत्रावर राहिली. नवे पाते घेताना व्यास आणि भोक यांच्याबरोबर चीर, पत्र्याची जाडी आणि पात्यावर छापलेली कमाल गती पाहिली. ती यंत्राच्या गतीपेक्षा जास्त हवी.

बाकी सामान बरेच वाचले. स्टँडची भोके जुळली नाहीत. मध्ये १८ मिमी प्लाय बोल्टने कसला, पण भुसा खाली पडायला त्यात मोठे भोक ठेवावे लागले. सरकपाटाची पट्टी १९ मिमी रुंद, नवी खाच वेगळी. पट्टी बदलली, जुनी चीर बुजवून नवी पाडली आणि गुण्याने काटकोन पुन्हा तपासला. लाकूड पुढे ढकलायच्या दांड्या जशाच्या तशा चालल्या. व्हॅक्यूमच्या नळीला रबरी जोड लागला. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मात्र यंत्राला जोडायचा नाही, नवे यंत्र २३० व्होल्टचे आहे. त्यावर तशी चिठ्ठी लावली आहे.

यंत्र मिस्त्रीकाकाच चालवतील. विद्यार्थ्यांनी पिवळ्या रेघेमागून पाहावे, तेही पात्याच्या सरळ रेषेत उभे न राहता. कपाटातली चार पाती आम्ही फेकलेली नाहीत. ५/८ इंची दांड्याचे यंत्र कुणाकडे असेल, तर त्यांनी कार्यालयातून घेऊन जावीत.