काटा खाली का येतो?

मालट्रकच्या डॅशबोर्डावर डिझेलचा काटा असतो, पाण्याच्या तापमानाचा असतो आणि ऑइल प्रेशरचाही असतो. डिझेलच्या काट्याकडे ड्रायव्हरचं सतत लक्ष असतं, कारण तो थेट खिशाशी बांधलेला. पाण्याचा काटा घाट आला की आठवतो. ऑइल प्रेशरच्या काट्याकडे मात्र तो खाली आल्यावरच लक्ष जातं. मग दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक म्हणतो, 'जुनी गाडी आहे, चालायचंच.' दुसरा म्हणतो, 'फुल इंजिन करून टाका.' दोघांनीही काही तपासलेलं नसतं, आणि दोघांचाही सल्ला मालकाला बुडवू शकतो.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत जड वाहनांच्या इंजिनांचं काम करतो. मुंबई-आग्रा महामार्ग बाजूलाच. कारखान्यांचा माल, लासलगाव-पिंपळगावचा कांदा, हंगामात द्राक्षं, असं सगळं वाहणाऱ्या गाड्या आमच्याकडे येतात. त्यांतल्या कितीतरी पंधरा-वीस वर्षं चाललेल्या, आणि मालक तोच ड्रायव्हर. अशा माणसाचं इंजिन बसलं म्हणजे घराची मिळकतच थांबली. म्हणून हा विषय नुसता मिस्त्री लोकांचा नाही.

आधी प्रेशर म्हणजे काय ते बघू. इंजिनाच्या तळाशी चेंबरमध्ये तेल असतं. पंप ते जाळीतून ओढतो, फिल्टरमधून पुढे ढकलतो आणि क्रँक, कॅम, रॉकर अशा सगळ्या जागी पोचवतो. क्रँक आणि बेरिंग यांच्यामध्ये साधारण केसाच्या जाडीइतकी फट असते. तेल या फटीतून निसटून पुन्हा चेंबरमध्ये पडतं. पंप जेवढं तेल ढकलतो आणि फटी जेवढं सोडतात, त्यांच्या ओढाताणीतून जे उभं राहतं ते प्रेशर. बागेला पाणी देताना नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं की जोर वाढतो, अंगठा काढला की कमी होतो. तसंच हे.

इथे एक गमतीची गोष्ट सांगतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये ब्यूचँप टॉवर नावाचे इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेरिंगवर प्रयोग करत होते. बेरिंगला वरून तेल घालण्यासाठी त्यांनी भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी बाहेर उसळू लागलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. मग तिथे प्रेशर गेज लावला, तर काटा दोनशे पौंडांच्या पुढे गेला. म्हणजे आपल्या हिशेबात चौदा किलोच्या वर! तिथे तेलाला पंप नव्हताच. फिरणारा आसच तेल ओढून घेत होता आणि त्या थरावर तरंगत होता. १८८६ मध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं.

आपल्या ट्रकमध्येही तेच घडतं. गेजवरचे दोन-तीन किलो क्रँकचा भार उचलत नाहीत. भार उचलतो तो फिरण्यातून तयार झालेला थर. पंपाचं काम त्या थराला अखंड तेल पुरवण्याचं आणि तिथली उष्णता वाहून नेण्याचं. पुरवठा तुटला की थर जातो, धातूवर धातू घासतो आणि काही क्षणांत बेरिंग वितळू लागतं. म्हणून काटा एकदम शून्यावर आला तर पहिला नियम असा: गाडी सुरक्षित बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. 'गॅरेजपर्यंत हळूहळू नेतो' म्हणू नका. लाल दिवा लागण्याची वाट तर मुळीच बघू नका, कारण तो प्रेशर जवळजवळ संपल्यावरच लागतो.

आता तपासणी. ती नेहमी स्वस्त गोष्टीकडून महाग गोष्टीकडे न्यायची.

पहिली पायरी डिपस्टिकची. गाडी सपाट जागी उभी करून, दहा मिनिटं थांबून बघा. तेल कमी असेल तर उत्तर सापडलं, पण ते गेलं कुठे हे शोधायला हवं. तेल जास्त दिसलं तर खूश होऊ नका. न घालता वाढलेलं तेल म्हणजे त्यात डिझेल किंवा पाणी मिसळलेलं. डिझेलचा वास येतो आणि तेल बोटांत पाण्यासारखं पातळ लागतं. पाणी गेलं असेल तर ते दुधाळ दिसतं.

दुसरी पायरी, काटा खरं बोलतो का ते बघणं. जुन्या गाडीत सेंडर खराब होतो, वायर गंजते, अर्थिंग जातं. ब्लॉकवरचा सेंडर काढून तिथे नळीचा साधा मेकॅनिकल गेज लावायचा. हे थोड्या वेळाचं काम, पण ते केल्याशिवाय कोणी 'इंजिन खोला' म्हणत असेल तर त्याला थांबवा.

तिसरी पायरी, त्याच गेजवर चार आकडे लिहून घेणं: इंजिन थंड असताना आयडलला आणि रेस केल्यावर, मग पूर्ण गरम झाल्यावर पुन्हा तेच दोन. टाटांच्या बऱ्याच ट्रकांत कमिन्सचं सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं इंजिन असतं. त्याला गरम असताना आयडलला किमान ०.७ किलो आणि पूर्ण वेगाला किमान २.१ किलो प्रेशर लागतं. दुसऱ्या इंजिनांचे आकडे वेगळे, ते त्यांच्या पुस्तकात बघावेत. पण आयडलला एक किलो दिसलं म्हणून घाबरण्याचं कारण नाही, एवढं यावरून कळतं.

हे चार आकडे बरंच काही सांगतात. थंड असताना चांगलं, गरम झाल्यावर आयडलला फार खाली आणि रेस केल्यावर पुन्हा वर, असं असेल तर तेल पातळ झालंय किंवा बेरिंगच्या फटी वाढल्यात. थंड-गरम, हळू-जोरात, सगळीकडेच कमी असेल तर पंप झिजलेला, किंवा रिलीफ व्हॉल्व्ह कचरा अडकून उघडा राहिलेला. आयडलला ठीक पण रेस केल्यावर घसरत असेल तर चेंबरमधली जाळी तुंबल्याचा संशय घ्यावा. वळणावर, ब्रेक मारताना किंवा कसारा घाटाच्या चढावर काटा नाचत असेल तर तेल कमी आहे, किंवा ओढनळी कुठून तरी हवा घेते आहे.

चौथी पायरी, जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडणं. त्यात थोडी काळी काजळी असणारच. चुंबकाला चिकटणारा चुरा लोखंडाचा. तांबूस चमक दिसली तर मात्र थांबायचं. बेरिंगला वर शिसं-कथलासारख्या मऊ धातूचा पातळ थर असतो, त्याखाली तांब्याचा मिश्रधातू. तांबं दिसलं म्हणजे वरचा थर संपला.

मग पाचवी पायरी, चेंबर उतरवणं. बहुतेक गाड्यांत त्यासाठी इंजिन खाली काढावं लागत नाही. जाळी बघायची, एक-दोन बेरिंगच्या टोप्या उघडून फट मोजायची. फट दुप्पट झाली तर तीच ताकद लावल्यावर तेल दुप्पट नाही, जवळजवळ आठपट निसटतं. म्हणून थोडी झीजही काट्यावर एवढी दिसते.

गेल्या वर्षी निफाड तालुक्यातला एक मालक-ड्रायव्हर आला. दुसरीकडे त्याला फुल इंजिन सांगितलं होतं, आणि पैशासाठी घरातले दागिने गहाण टाकायची तयारी झाली होती. डिपस्टिक काढली तर तेल वरच्या खुणेच्याही वर, आणि डिझेलचा वास. फीड पंपातून डिझेल झिरपत होतं. पंप, तेल आणि फिल्टर बदलल्यावर गरम इंजिनाला आयडलला सव्वा किलो प्रेशर आलं. पातळ तेलावर गाडी चालली होती, म्हणून एक बेरिंग उघडून बघितलं. थर शाबूत होता. दागिने घरीच राहिले.

त्याच महिन्यात दुसरी गाडी आली, द्राक्षं भरलेली. फिल्टरमध्ये तांबं चमकत होतं. ड्रायव्हरला मुंबई गाठायची घाई होती. आम्ही त्याला माल दुसऱ्या गाडीत उतरवायला लावला. भाडं गेलं, पण क्रँक ग्राइंडिंग करून, मापाची बेरिंगं टाकून वाचला. तसाच घाट उतरून परत चढला असता तर कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर यायला वेळ लागला नसता.

शेवटी, सगळ्यात लोकप्रिय उपायाबद्दल: जाड तेल टाकणं. त्याने काटा वर येतो हे खरं. पण जाड तेल फटीतून कमी वाहतं, म्हणून तो वर येतो. बेरिंगला मिळणारं तेल आणि थंडावा दोन्ही कमी होतात, आणि गाडी पहाटे सुरू करताना तेल वरपर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो. आजार तिथेच राहतो आणि तो दाखवणारा काटा गप्प होतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर हे जरूर लक्षात ठेवावं. प्रेशर बघायचं ते अर्धा तास गाडी चालवून, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, आयडलला. आणि विकणाऱ्याला विचारायचं, आत तेल कोणत्या ग्रेडचं आहे आणि ते कधी टाकलं?