नाणेघाटातील कुटुंबचित्र

आमच्या मुरबाडच्या जुन्या पेढीत गल्ल्याच्या वर एक छायाचित्र टांगलेले असे. पगडी घातलेले पणजोबा मध्ये खुर्चीवर, भोवती दहा माणसे. त्यांतील सात जण आम्हांला ओळखता येतात. उरलेले तिघे कोण, हे आज घरात कोणासही ठाऊक नाही. त्यांपैकी एक स्त्री मांडीवर मूल घेऊन बसली आहे. सांगू शकणारी एकच व्यक्ती उरली होती, आमची मोठी आत्या. ‘दिवाळीला निवांत बसून विचारू’ असे आम्ही तीन वर्षे म्हणत राहिलो. गेल्या चैत्रात ती गेली, आणि तिच्याबरोबर ती तीन नावेही गेली.

म्हणूनच यंदा नातीने ‘आजोबा, सगळ्या कुटुंबाचा फोटो डोंगरवाटेवर काढू या’ असा हट्ट धरला, तेव्हा मी नाणेघाट सुचविला. त्याला कारण होते. कल्याण आणि सोपारा या बंदरांतील माल जुन्नर, पैठणकडे नेणारी ही व्यापाराची प्राचीन वाट. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, अशी लोकांची समजूत. माथ्याच्या थोडे खाली सातवाहनकालीन लेणे आहे. त्याच्या दोन भिंतींवर ब्राह्मी लिपीत राणी नागनिकेचा दीर्घ प्राकृत लेख कोरलेला आहे. केलेले यज्ञ, दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाणी यांची आकड्यांनिशी नोंद त्यात वाचली, की एखाद्या खतावणीचे पान समोर यावे तसे वाटते.

परंतु माझे मन खिळते ते मागच्या भिंतीपाशी. तेथे राजकुटुंबाच्या मूर्ती ओळीने कोरलेल्या होत्या. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते कुटुंबचित्रच म्हणावयाचे. मूर्ती आज नष्ट झाल्या आहेत. पण त्यांच्या माथ्यावर कोरलेली नावे वाचली गेली: सिमुक, नागनिका, सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिरो, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. तेथे चेहरे गेले, नावे राहिली. आमच्या पेढीत चेहरे राहिले, नावे गेली. इतिहासाच्या अभ्यासकांना त्या नावांवरून घराण्याचा क्रम जुळविता आला. आमच्या भिंतीवरच्या तिघांवरून काहीच जुळविता येत नाही.

आता तयारीविषयी. पहिला प्रश्न वेळेचा. चातुर्मासात घाटवाट ओली असते, गवतात सूक्ष्म जीवांची दाटी असते. कार्तिकी पौर्णिमेनंतर वाट सुकते, गवत सोनेरी होते आणि हवा निवळते. चित्रासाठीही हाच काळ उत्तम. घाट पश्चिमेकडे उतरतो. त्यामुळे सकाळी वाटेवर डोंगराचीच सावली असते आणि चेहऱ्यांवर मृदू, समान प्रकाश पडतो. मागे कोकणचे उजळ आकाश असल्याने छायाचित्रकाराने प्रकाशाची मोजणी चेहऱ्यांवर घ्यावी, अन्यथा माणसे काळी पडतात. दुपारनंतर वाटेवर थेट ऊन येते.

दुसरा प्रश्न वृद्धांचा. तरुणांनी कल्याण–नगर मार्गावरील वैशाखरे गावाजवळून चढावे. पुरेसे उजाडल्यावर, पायाखाली पाहत निघावे. अडीच-तीन तास लागतात. नवकारसी वाटेतच होईल. वृद्धांना मात्र चढविण्याचा अट्टाहास करू नये. माळशेज घाटाने वर जाऊन जुन्नर भागातून घाटघरमार्गे वाहन थेट माथ्यापर्यंत जाते. सर्वांनी रांजणापाशी भेटावे. ज्यांना चार पायऱ्या उतरणेही कठीण, त्यांच्यासाठी सर्वांचे चित्र तेथेच घ्यावे. कुटुंबचित्रात वडीलधारे नसतील तर ते सहलीचे चित्र होईल.

वस्त्रे सुती आणि साध्या रंगांची असावीत. काळ्या कातळापुढे फिकट पिवळा, केशरी किंवा निळा रंग खुलतो. बारीक चौकडी टाळावी. चित्रात ती लहरत असल्यासारखी दिसते. रेशमाला आपल्या घरांत आधीच मज्जाव असतो. पादत्राणेही चामड्याची नकोत, पकड असलेली कापडी चालतील. चढताना जुने कपडे घालावेत, चांगले पिशवीत न्यावेत. उकळलेले पाणी भरपूर घ्यावे, खाखरा व सुकी भाजी पुरते. अकरापर्यंत काम आटोपले, तर तरुण मंडळी उजेडातच खाली उतरतात आणि सूर्यास्तापूर्वी सर्वांचे जेवण होते.

लेण्यात लेखाला हात लावू नये, भिंतीला टेकून उभे राहू नये. तिपाई वापरायची असल्यास पुरातत्त्व खात्याकडे आधी विचारणा करावी. उरलेल्या नावांना आपल्या हौसेचा धक्का लागता कामा नये.

आणि शेवटची तयारी, जी बहुतेक घरांत राहून जाते. निघण्यापूर्वीच एका कागदावर सर्वांची नावे लिहावीत. नाते, जन्मगाव आणि सुनांचे माहेरचे नावही. चित्र छापून आल्यावर डावीकडून उजवीकडे क्रमाने ती मागे पेन्सिलीने उतरवावीत. शाई कालांतराने पुढच्या बाजूस फुटते. मोबाईलमधील चित्रांचाही कागदावर एक तरी ठसा घ्यावा. माझी पस्तीस वर्षे बँकेत नावे आणि सह्या पडताळण्यात गेली. ज्या खात्याला वारस नोंदलेला नसे, त्याचे पैसे असूनही ते मिळविताना घरच्यांची दमछाक होई. नाव नसलेल्या चित्राचे तसेच आहे.

आमचा दिवस मार्गशीर्षात ठरला आहे. कागद मात्र मी आजच लिहावयास घेतला. पहिल्या ओळीत आत्याचे नाव लिहिले. ती चित्रात नसेल, यादीत असेल. पणजोबांच्या चित्रामागेही सात नावे उतरविली आणि तीन जागा रिकाम्या सोडल्या आहेत. आपल्या घरच्या भिंतीवर असे एखादे चित्र असेल, तर ते आज उतरवून आजीसमोर ठेवावे. दिवाळीची वाट पाहू नये.