ट्रकसाठी कोड रीडर घेताना

मालवाहू गाडीत इंजिनाचा दिवा लागला आणि कारण उमगले नाही, तर भरलेला कांदा वाटेतच नासण्याची भीती असते. अशा वेळी स्वस्त कोड रीडरही उपयोगी पडतो. मात्र किमतीआधी आपली गाडी पाहावी. लहान पिकअप बहुधा १२ व्होल्टची असते; अवजड ट्रक बहुधा २४ व्होल्टचा असून त्याची संकेतपद्धती ‘जे १९३९’ असू शकते. यंत्रास दोन्ही चालतात अशी खात्री करून, आपल्याच गाडीवर लावून पाहून मगच पैसे द्यावेत.

संकेत म्हणजे निदान नव्हे. ‘पी ००८७’ हा इंधनाचा दाब कमी असल्याचे सांगतो. तेवढ्यावरून महागडा पंप बदलू नये. प्रथम डिझेल फिल्टर तपासावा. संकेत पुसल्याने दोष जात नाही, हे शेतकरी बंधूंनी ध्यानी ठेवावे.