गोलंदाजाचे प्राण ओताऱ्याच्या हाती

जंजिऱ्याच्या तटावरील कलालबांगडी तोफ पाहताना आपण तिच्या माऱ्यात सापडणाऱ्या शत्रूचा विचार करतो. पण तिच्यामागे उभ्या राहणाऱ्या गोलंदाजाचे काय? दारू पेटताच निर्माण होणारा तप्त वायू गोळ्याला पुढे ढकलतो, तसाच तो नळीच्या भिंतींनाही रेटतो. ओतकामात हवेचे बुडबुडे अडकून राहिले, तर भिंत तेथे कमकुवत होते. मग तोफ फुटते आणि स्वतःचाच गोलंदाज मरतो.

असे जोखमीचे काम करणाऱ्या ओताऱ्यांची नावे क्वचितच उरली आहेत. रूमी, म्हणजे तुर्कस्तानकडचा, या ओताऱ्याचे नाव मात्र त्याच्या तोफेवरच कोरलेले आहे. त्याने १५४९ साली अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) मुलूखमैदान तोफ ओतली. सुमारे ५५ टनांची ही तोफ आज विजापूरला आहे.

शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. तेवढी उष्णता जुन्या भट्टीत मिळणे कठीण. तांबे १०८५ अंशांना वितळते आणि त्यात कथील मिसळले की त्याहूनही कमी तापमानाला. मुलूखमैदानात सुमारे ८० भाग तांबे व २० भाग कथील आहे.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावरील इंग्लंडच्या लो मूर कारखान्यातील तोफा मात्र बिडाच्या आहेत. बीड म्हणजे कर्बयुक्त लोखंड. तांब्यात जे काम कथील करते, तेच लोखंडात कर्ब करतो. पुढच्या सहलीत या तोफा पाहाल, तेव्हा ओताऱ्याचीही आठवण ठेवा.