गाडीतल्या गोंगाटात मोबाइलवर वाचताना

बुलढाणा जिल्ह्यात मुंबई-हावडा लोहमार्ग घाटाखालून जातो. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके त्यावरच आहेत. घाटावरच्या बुलढाणा, चिखली, मेहकर या भागाची मदार मात्र एसटीवर. कॉलेज किंवा स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी रोज ये-जा करणारे अनेक विद्यार्थी गाडीतच मोबाइलवर नोट्स उघडतात. तासभर वाचूनही लक्षात काही राहत नाही. मग गोंगाट झाकण्यासाठी इअरफोनवर मोठ्याने गाणी लावली जातात. त्याने वाचनही बिघडते आणि कानही.

मनातल्या मनात वाचतानाही मेंदू शब्द आतल्या आवाजात उच्चारत असतो. इंजिनाच्या एकसुरी घरघरीची त्याला लवकर सवय होते. पण शेजारच्या गप्पा, फोनवरचे बोलणे, कुणाचे तरी रील यांतले शब्द थेट त्या आतल्या आवाजाच्या वाटेत येतात. अमेरिकेत १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मागे परक्या भाषेतले बोलणे चालू असतानाही अक्षरांचा क्रम लक्षात ठेवणे अवघड गेले. भाषा समजत असेल, तर वाचलेल्याचा अर्थ लावणे आणखी जड जाते. गाण्यातही शब्द असतातच.

न्यूयॉर्कमधील एका शाळेच्या अगदी जवळून उन्नत रेल्वे जात असे. रुळांकडच्या वर्गांतील मुले वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे असल्याचे १९७५च्या पाहणीत दिसले. पुढे रुळांखाली रबरी पट्ट्या आणि वर्गांना ध्वनिशोषक छत बसवल्यावर हा फरक उरला नाही. म्हणजे आवाज कमी केला, तर वाचन सुधारते.

कानांचे गणित वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित असतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला ती जेमतेम ४ तास उरते. गाडीच्या आवाजावर मात करायला इअरफोनचा आवाज वाढवला, की ही मर्यादा लवकर ओलांडली जाते.

मग करायचे काय? साध्या एसटीत इंजिन पुढे असते, म्हणून मधल्या रांगेतली जागा बरी. फोमचे इअरप्लग स्वस्त आणि परिणामकारक असतात. ते बोटांत बारीक वळावेत, कान थोडा वर-मागे ओढून आत घालावेत आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावेत. कापसाच्या बोळ्याचा विशेष उपयोग होत नाही. कान दुखत किंवा वाहत असेल, तर काहीच घालू नये.

आवाज रोखणारे महागडे हेडफोन बाहेरचा आवाज टिपून त्याच्या उलट लहरी तयार करतात. इंजिनाची घरघर त्याने चांगली दबते, माणसांचे बोलणे तितके नाही. त्यासाठी पावसासारखा एकसुरी, शब्द नसलेला आवाज अगदी हळू लावावा.

फलाटावर, रूळ ओलांडताना किंवा बसस्थानकात गाडी मागे घेत असताना कान मोकळेच हवेत. एसटी महामंडळाने २०२३ साली बसमध्ये मोबाइलवर मोठ्या आवाजात गाणी, व्हिडिओ लावण्यास मनाई केली आहे. कुणी ऐकत नसेल, तर वाहकाला सांगता येते.

एवढे करूनही गोंगाट राहिला, तर गाडीत नवा धडा घेऊ नये. आधी वाचलेल्याची उजळणी करावी किंवा प्रश्नसंच सोडवावा. नवा, अवघड भाग अभ्यासिकेतल्या शांत तासासाठी ठेवावा.